औषधाची गोडी आणि साखरेची गोडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरून कोणी शिकलेल्या बाई बोलवायच्या, त्यांना नारळ द्यायचा आणि आपण सतरंजीवर बसून त्यांचे ऐकायचे, असा आपला रिवाज. यंदा बैठकीत ठरले की आपल्यातल्याच कोणी तरी बोलावे, आणि माझे नाव पुढे आले. मी सातवी पास. मंडळात आजवर माझे काम म्हणजे चहाचे आधण ठेवणे आणि वर्गणीची वही सांभाळणे. तरी माझेच नाव का निघाले, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. दोन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत आमच्या घरी जे घडले ते गावभर झाले होते. कोणी तोंडावर विचारले, कोणी पाणवठ्यावर बोलले. तेव्हा तेच आज माझ्या तोंडून ऐका.

आषाढ होता. आपला मुळशीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. चार चार दिवस लुगडी वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधून पोरांचे कपडे शेकावे लागतात, आणि दर घरात एक तरी पोर खोकत असते. थोरल्या लेकीचा मुलगा, साडेतीन वर्षांचा, माझ्याकडे होता. त्याला ताप भरला. डॉक्टरांनी तापाचे पातळ औषध दिले. पण पोरगा दात आवळून बसे. एक जण हात धरी, एक जण नाक दाबी, आणि निम्मे औषध माझ्या पदरावर. शेवटी मी त्याला म्हटले, "अरे, औषध कुठले हे? हा तर गोड गोड खाऊ आहे." आणि बोट बुडवून स्वतः चाटून दाखवले. गोड होतेच, वर स्ट्रॉबेरीचा वास. त्यानेही चाटले, आणि मग काय, चमचा दिसला की आपण होऊन तोंड उघडू लागला. मला माझ्या युक्तीचे कौतुक वाटले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. नुकतीच दुसरी बाटली आणली होती. ती देवळीत ठेवून मी माणसांची न्याहारी घेऊन खाचरावर गेले. सासूबाई पडवीत होत्या, त्यांचा जरा डोळा लागला. मी परतले तो नातू पत्र्याच्या डब्यावर चढून देवळीपाशी बसलेला, बाटली आडवी, आणि स्वारी झाकण चाटते आहे. झाकण मीच नीट फिरवले नसणार. मला पाहून हसून म्हणाला, "आजी, खाऊ संपला."

पोरगा खेळत होता, हसत होता. माझी जाऊ म्हणाली, "तापाचेच तर औषध आहे, गोड पाणी. जाईल लघवीवाटे." मलाही क्षणभर तसेच वाटले, हे कबूल करते. पण जीव राहीना. पौडला नेले, तिथल्या डॉक्टरांनी बघितले आणि तसेच पुण्याला धाडले. तिथे पहिला प्रश्न, "बाटली कुठे आहे?" बाटली घरी! दुसरा प्रश्न, "एकशेवीसचे होते की अडीचशेचे?" मला वाटत होते तापाचे औषध म्हणजे तापाचे औषध, त्यात एकशेवीस आणि अडीचशे कसले? पुतण्याने भर पावसात गाडी पिटाळून बाटली आणली. तोवरचे दोन-अडीच तास मी कसे काढले ते सांगवत नाही.

बाटलीवर लिहिले होते, दर ५ मिलिलिटरमध्ये पॅरासिटामॉल २५० मिलिग्रॅम. पोटात गेले होते अंदाजे ४५ मिलिलिटर. म्हणजे नऊ चमचे, म्हणजे २२५० मिलिग्रॅम. पोराचे वजन १३ किलो. किलोमागे १७३ मिलिग्रॅमच्या आसपास झाले. डॉक्टरांनी समजावले की एका वेळी किलोमागे दीडशेच्या पुढे गेले की आम्ही सावध होतो, कारण हे औषध जास्त झाले तर यकृत बिघडते. आणि वाईट गोष्ट अशी की पहिला दिवस मूल हसते-खेळते, काही दिसतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून ते वाट पाहत नाहीत. औषध पोटात गेल्याला चार तास झाल्यावर रक्त तपासले, आणि त्यावरचा उतारा सलाइनमधून सुरू केला. उताऱ्याचे नाव ॲसिटिलसिस्टीन. चौथ्या दिवशी नातू घरी आला. देवाची कृपा आणि डॉक्टरांची.

त्या दवाखान्यातल्या रात्री पुतणी माझ्या सोबतीला होती. ती औषधनिर्माणाच्या शाळेत शिकते. बाकावर बसून मी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते, "अगं, इतके वाईट औषध, मग ते इतके गोड का करतात?" ती म्हणाली, "काकू, औषध गोड नाहीच. पॅरासिटामॉल कडू असते. गोडी वेगळी आणून त्यात घातलेली आहे. आणि ती गोडी साखरेची असेलच असेही नाही."

हे माझ्या डोक्यात नव्हते. आज मला बोलायचे आहे ते याच गोष्टीवर.

कडू औषधाला गोडाची संगत द्यायची ही युक्ती आपली जुनी. काडेचिराईताचा काढा दिला की मागून गुळाचा खडा, मात्रा उगाळली तर मधात. कारखान्यातल्या औषधांनीही आधी तेच केले, साखरेचा पाक केला. औषधशास्त्राच्या पुस्तकात साध्या पाकाचे माप दिलेले आहे, १०० ग्रॅम पाकात ६६.७ ग्रॅम साखर, बाकी पाणी. म्हणजे दोन वाटे साखर, एक वाटा पाणी. मोरावळा घालणाऱ्या बाईला हे माप परके वाटू नये. पाक असा दाट असला की बुरशी धरत नाही आणि मोरावळा वर्षभर टिकतो, तसेच औषधही टिकते. साखर तिथे तीन कामे करते. कडवटपणा झाकते, दाटपणा आणते आणि टिकवते.

पण मधुमेहाच्या माणसाने हे औषध कसे घ्यावे? निव्वळ पाकाच्या १० मिलिलिटरमध्ये साडेआठ-नऊ ग्रॅमच्या आसपास साखर येते. शिवाय लहान मुलाला रात्री निजताना रोज गोड औषध चाटवले की दात किडतात, हेही ध्यानात आले. म्हणून साखरेऐवजी दुसरी गोडी शोधली.

सगळ्यांत जुनी म्हणजे सॅकरीन. नाव तुम्ही ऐकले असेल, जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्यावरून. सन १८७९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे रेम्सन नावाच्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत फाल्बर्ग हे गृहस्थ काम करीत होते. काम डांबरातून, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून, निघणाऱ्या पदार्थांवर. संध्याकाळी हात न धुता जेवायला बसले आणि पाव गोड लागला. आपण पोरांना हात धुतल्याशिवाय पानावर बसू देत नाही, आणि हे विद्वान पाहा! पण त्या न धुतलेल्या हातातून सॅकरीन निघाले. साखरेच्या तीनशे पटींहून जास्त गोड, आणि साखरेशी काडीचे नाते नाही. त्यात गंधक आहे, नत्र आहे. नुसते सॅकरीन पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून औषधात त्याचे सोडियमचे क्षार घालतात. शरीर त्याचे काही करू शकत नाही, जसे आले तसे लघवीवाटे जाते. जिभेवर मागाहून जरा कडवट राहते, एवढी खोड.

सॅकरीनवर मोठा आळही आला होता. उंदरांना पुष्कळ सॅकरीन चारले तर मूत्राशयात गाठी होतात असे दिसले, आणि १९७७ पासून अमेरिकेत त्याच्या डब्यांवर इशारा छापू लागले. पुढे कळले की तो उंदराच्याच शरीराचा गुण आहे, माणसात तसे घडत नाही. मग २००० साली तो इशारा काढून टाकला.

आता ज्याची गोष्ट मला फार आवडते ते सुक्रालोज. हल्ली बऱ्याच पातळ औषधांत हेच असते. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस नावाचे संशोधक काम करीत होते. आडनावावरून तुम्ही ओळखलेच असेल. साल १९७६. टेट अँड लाइल ही तिकडची साखरेची बडी कंपनी, तिला साखरेचा खाण्यापलीकडे काही उपयोग करता येतो का ते पाहायचे होते. त्यासाठी साखरेला क्लोरीन जोडून नवे नवे पदार्थ करीत होते. फडणीसांना सांगण्यात आले की अमुक पदार्थाची टेस्ट करा. म्हणजे तपासणी. त्यांनी ऐकले टेस्ट, म्हणजे चव! आपणही रक्ताची टेस्ट म्हणतो आणि आमटीलाही टेस्ट आली म्हणतो, तेव्हा त्या बिचाऱ्यांना हसायला नको. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवले, आणि ते गोडमिट्ट लागले. विष निघाले असते तर? पुतणीला मी हेच विचारले. ती म्हणाली, "आमच्या प्रयोगशाळेत आता कोणी असे केले तर बाहेर काढतील."

हे सुक्रालोज म्हणजे काय, ते मला तिने मंगळसूत्रावर समजावले. साखरेचा एक कण, ज्याला रेणू म्हणतात, तो म्हणजे मंगळसूत्राच्या दोन वाट्या. एक वाटी ग्लुकोजची, दुसरी फळात असते त्या फ्रुक्टोजची, आणि मध्ये दोघींना जोडणारी तार. दोन्ही वाट्यांच्या कडेला मिळून आठ घुंगरे, प्रत्येक घुंगरू म्हणजे एक प्राणवायू आणि एक हायड्रोजन. आपण साखर खाल्ली की पोटातला पाचक रस मधली तार तोडतो, वाट्या सुट्या होतात आणि रक्तात जातात. रक्तातली साखर वाढली म्हणतो ती हीच.

सुक्रालोजमध्ये या आठांपैकी तीन घुंगरे काढून तिथे क्लोरीन बसवलेले असते. ग्लुकोजच्या वाटीवर एक, दुसरीवर दोन. हिशेब जुळतो का बघा. साखरेत १२ कार्बन, २२ हायड्रोजन, ११ प्राणवायू. तीन घुंगरे गेली म्हणजे तीन हायड्रोजन आणि तीन प्राणवायू गेले, राहिले १९ आणि ८. वर तीन क्लोरीन. एवढाच फरक. पण जिभेला ते साखरेच्या सहाशे पट गोड लागते, म्हणजे एक किलो साखरेची गोडी पावणेदोन ग्रॅममध्ये मावते. आणि पोटातल्या रसाला ती तार तोडताच येत नाही. बहुतेक सारे शौचावाटे निघून जाते, थोडे रक्तात शिरते तेही लघवीतून जवळजवळ तसेच बाहेर पडते.

क्लोरीन म्हणजे विहिरीत टाकतात तेच ना, असे मी विचारले होते, तुम्हीही विचाराल. मिठातही क्लोरीन आहे आणि मीठ आपण रोज खातो. कोणाशी कसे जोडले आहे त्यावर त्याचा गुण. पण मीठ चालते म्हणून सुक्रालोज चालेल असेही कोणी धरून चालले नाही. पंधरा वर्षे तपासण्या झाल्या, मग १९९१ मध्ये कॅनडाने पहिली परवानगी दिली, अमेरिकेने १९९८ मध्ये. रोजची मर्यादाही घालून दिलेली आहे, किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम.

तिसरे ॲस्पार्टेम, हेही १९६५ मध्ये अमेरिकेत एका रसायनशास्त्रज्ञाने बोट चाटल्यामुळेच सापडले. ते पातळात फार दिवस टिकत नाही, म्हणून चघळायच्या गोळ्यांत किंवा पाणी घालून करायच्या भुकटीत असते. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा एक जन्मजात विकार आहे, त्या मुलांना ते चालत नाही. असे मूल क्वचित, पण ज्या घरी असेल त्या घराने बाटली वाचल्याशिवाय काही देऊ नये.

आता साखर काढली म्हणजे तिची बाकीची दोन कामेही गेली. पावणेदोन ग्रॅमने पाक दाट कसा होणार आणि टिकणार कसा? म्हणून टिकाऊपणासाठी सोडियम बेंझोएटसारखे काही घालतात, आणि दाटपणासाठी सॉर्बिटॉल, ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल. सॉर्बिटॉलही गोड असते, साखरेच्या साठ टक्के, आणि जास्त झाले तर पोट फुगते, जुलाब होतात. "साखरविरहित" असे वर लिहिले म्हणून बाटलीत फक्त औषध आणि पाणी असते असे समजू नका.

याच दाटपणाच्या सामानात एक भयंकर गोष्ट शिरते. डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा कारखान्यात लागणारा पदार्थ आहे. दिसायला ग्लिसरीनसारखा, किमतीने स्वस्त, आणि चवीला गोड! तो मूत्रपिंडे निकामी करतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये तो निघाला आणि चौदा माणसे दगावली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. आणि पुन्हा २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधात तोच निघाला, वीसहून अधिक लेकरे गेली. कित्येक आयांनी पोरे नागपूरला धावत आणली होती. त्या बायांनी काय चूक केली होती? मी निदान झाकण उघडे ठेवले होते. त्यांनी तर सांगितले तेवढेच मोजून दिले होते. ते पकडणे चाटून बघण्याने होणार नाही, ते सरकारच्या तपासणीचे काम आहे, आणि ते नीट होते की नाही हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. आपल्या तालुक्यात नांदे गावी औषधांचे मोठे संशोधन केंद्र आहे, तिथून पुण्याला जाणारी गाडी आपल्या डोळ्यांसमोरून जाते. औषध काही परदेशातून आकाशातून पडत नाही. त्या प्रकरणानंतर केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावले की दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्या-सर्दीची औषधे देऊच नयेत, आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. जुनी बाटली घरात आहे म्हणून धाकट्याला पाजणे आता बंद करा.

गोडीने मला आणखी एकदा फसवले, तेही सांगून टाकते. सासूबाईंना मधुमेह. त्यांच्या चहात आम्ही गोडीच्या बारीक गोळ्या टाकतो. एकदा एकादशीला त्यांनी सकाळची गोळी घेतली आणि उपास धरला. दुपारी अंगाला दरदरून घाम, हात थरथर, बोलणे असंबद्ध. पलीकडच्या वहिनी म्हणाल्या, "साखर उतरली असेल, सरबत द्या." मी घाईघाईने लिंबू पिळले, पण साखर बाधेल म्हणून त्यात गोडीच्या चार गोळ्या टाकल्या! सरबत गोड झाले, त्या प्यायल्या, आणि काहीच फरक नाही. वहिनींनी पेला हातातून घेतला, तीन चमचे खरी साखर ढवळून पाजली, तेव्हा पाव तासात माणूस ताळ्यावर आले. जी तार तुटत नाही तिच्यातून रक्ताला साखर मिळणार कशी? तेव्हा मला मंगळसूत्राच्या वाट्या ठाऊक नव्हत्या. मधुमेहाच्या माणसाची साखर उतरली तर साखर, गूळ, ग्लुकोज, जे खरे असेल तेच द्यायचे, आणि शुद्धीवर असेल तरच तोंडात घालायचे. शुद्ध नसेल तर सरळ दवाखाना.

काही जणी विचारतात, मग बारीक होण्यासाठी आपणही त्याच गोळ्या घ्याव्या का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की वजन उतरवण्यासाठी या गोडीवर भिस्त ठेवू नये. त्यांचा तो सल्ला ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नाही, आणि औषधात घातलेल्या गोडीलाही तो लागू नाही. आणि कोणी सुक्रालोज घालून पुरण शिजवायला निघाली असेल तर जर्मनीच्या सरकारी तज्ज्ञांनी २०१९ मध्ये इशारा दिला आहे की १२० अंशांच्या वर तापवले तर त्यातून अपायकारक पदार्थ होण्याचा संभव आहे. तव्यावर पोळी त्याहून तापते. शिवाय ते पुरण आळतही नाही, हे मी करून पाहिले आहे.

आमच्या घरी आता औषधाला खाऊ कोणी म्हणत नाही. नातवाला मी सांगते, "हे औषध आहे, आतून कडू आहे, वरून गोड केले आहे." आश्चर्य म्हणजे तो घेतो. बाटल्या फळीवर कडीच्या डब्यात असतात. दुसरी गोष्ट मापाची. आपल्या घरातला कुठलाही चमचा ५ मिलिलिटरचा नसतो, मी चार चमचे मोजून पाहिले, चार तऱ्हेचे निघाले. बाटलीबरोबर मापाचे टोपण येते त्यानेच द्यायचे, आणि बाटली एकशेवीसची की अडीचशेची हे दुकानातच विचारून घ्यायचे. एक संपली आणि दुसऱ्या ताकदीची आली तर माप बदलते.

अशी बारा-पंधरा टोपणे माझ्याकडे साठली होती, ती धुऊन टेबलावर ठेवली आहेत. ज्यांच्या घरी नसेल त्यांनी जाताना घेऊन जावी. घरच्या बाटल्या आणल्या असतील त्यांनी पुतणीकडे द्याव्या, ती प्रत्येकीला वाचून दाखवील. गोडीचे नाव सगळ्याच बाटल्यांवर असते असे नाही, पण औषधाचे आणि त्याच्या मात्रेचे असतेच. चहा तयार आहे. त्यात खरी साखर आहे. सासूबाईंचा आणि ज्यांना चालत नाही त्यांचा किटलीतला वेगळा आहे, निळ्या झाकणाचा, तेवढे बघून घ्या.